जुनी गाडी राखताना (लेखांक ९) : रेडिएटर मोठा करण्याआधी

एप्रिलच्या दुपारी साखरप्याकडून आंबा घाट चढत होतो. गाडी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, आत बारा माणसं, टपावर सामान. दुसऱ्या गिअरवर गाडी कुंथत होती आणि तापमानाचा काटा हळूहळू लालकडे सरकत होता. बाजूला घेऊन बोनेट उघडलं, तर ओव्हरफ्लोच्या नळीतून वाफ फुसफुसत होती. तासभर थांबलो, पाणी भरलं आणि कसेबसे वर पोचलो. परत आल्यावर गॅरेजमध्ये एकच सल्ला मिळाला : रेडिएटर मोठा टाका. मी टाकला. पुढच्या फेरीला गाडी जवळपास त्याच वळणावर तापली.

मागच्या लेखांकात वॉटर पंप पाहिला. आज रेडिएटरची पाळी आहे. तो मोठा कसा करायचा हे सांगणारच आहे, पण तो कधी मोठा करू नये हे त्याहून आधी सांगायला हवं, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच वाया जातात.

ट्रॅव्हलरचं मूळ जर्मनीतलं. डाइम्लर-बेन्झनं १९७७ साली ब्रेमेनला टी-१ नावाची व्हॅन बनवायला सुरुवात केली. पुण्याच्या बजाज टेम्पोनं, म्हणजे २००५ पासूनच्या फोर्स मोटर्सनं, त्याच घडणीवर आपली ट्रॅव्हलर उभी केली. जुन्या ट्रॅव्हलरमध्ये जे ओएम ६१६ डिझेल इंजिन सापडतं, ते मर्सिडीजच्या २४० डी मोटारीतलं, चार सिलिंडरचं, २.४ लिटरचं. हे इंजिन चिवट आहे, पण त्याची एक खोड समजून घ्यावी लागते. त्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये पेटत नाही. आधी हेडमधल्या एका छोट्या कप्प्यात पेटतं आणि तिथून आगीचा लोळ सिलिंडरमध्ये उतरतो. त्या कप्प्याच्या भिंतींतून बरीच उष्णता पाण्यात जाते. त्यामुळे आजच्या थेट इंजेक्शनच्या इंजिनापेक्षा या इंजिनाच्या रेडिएटरवर जास्त भार पडतो.

भार किती, याचा ढोबळ अंदाज बांधू. जळलेल्या इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा चाकांकडे जाते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून आणि उरलेली पाण्यातून बाहेर पडते. पूर्ण ताकदीनं घाट चढताना या गाडीच्या रेडिएटरला तीस-चाळीस किलोवॅट उष्णता हवेत सोडावी लागते. घरातला गीझर दोन किलोवॅटचा धरला, तर एका वेळी पंधरा ते वीस गीझर झाले. शिवाय हे काम ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वेगात करायचं. हायवेवर समोरून येणारा वारा जाळीतून आपोआप घुसतो, घाटात तो नसतो. तिथं सगळी मदार फॅनवर.

त्यात भर ऋतूची. रेडिएटर किती उष्णता सोडेल, हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंश आणि हवा १५ अंश असेल तर फरक ८० अंशांचा. एप्रिलात हवा ४० अंशांवर गेली की तोच फरक ५५ राहतो. म्हणजे डिसेंबरात ठणठणीत असलेला रेडिएटर उन्हाळ्यात तीन दशांश कुवत गमावून बसतो. त्यात काही बिघडलेलं नसतं. 'थंडीत चालत होती, आत्ताच काय झालं,' असं विचारणाऱ्यांना हे उत्तर.

आता माझ्या गाडीचं. नवा रेडिएटर घालूनही ती तापली, कारण आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकला होता. 'हीट होते ना, मग व्हॉल्व्ह काढा, पाणी मोकळं फिरेल,' हा सल्ला आपल्याकडे गल्लोगल्ली मिळतो. या इंजिनात तो उलटा पडतो. ओएम ६१६ चा थर्मोस्टॅट दोन कामं करतो. इंजिन गार असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी एका आडवाटेनं इंजिनातच फिरवतो. इंजिन तापलं की रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी खालच्या चकतीनं ती आडवाट बंद करतो. थर्मोस्टॅटच काढला तर आडवाट कायमची उघडी राहते. पाण्याचा बराच हिस्सा रेडिएटरला न शिवता पुन्हा तापलेल्या इंजिनात जातो. रेडिएटर दुप्पट मोठा केला, तरी जे पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही ते गार कसं होणार? योग्य थर्मोस्टॅट बसवला आणि माझी गाडी घाट चढली. रेडिएटरच्या मानानं त्याची किंमत किरकोळ होती.

म्हणून रेडिएटरवाल्याकडे जाण्याआधी काही गोष्टी तपासा. थर्मोस्टॅट आहे का, आणि उकळत्या पाण्यात टाकल्यावर उघडतो का? रेडिएटरच्या टोपणाचं रबर शाबूत आहे का? हे टोपण म्हणजे नुसतं झाकण नव्हे. ते आतला दाब धरून ठेवतं. साधारण ०.९ बारचं टोपण असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. टोपण ढिलं असलं की ते शंभरालाच उकळतं, घाटमाथ्यावर त्याहूनही आधी. मात्र जास्त दाबाचं टोपण लावून गाडी सुधारायला जाऊ नका. जुने होज पाइप आणि डागाचे सांधे ते सोसत नाहीत. टोपणावर मूळ जो आकडा असेल तोच ठेवा.

मग फॅन. त्याच्याभोवतीचं कडं, ज्याला मेकॅनिक श्राउड म्हणतात, ते जुन्या गाड्यांत हमखास गायब असतं. कधीतरी बेल्ट बदलताना काढलेलं असतं आणि परत कुणी लावत नाही. ते नसलं की फॅन पात्यांच्या अगदी समोरच्या भागातूनच हवा ओढतो आणि जाळीचे कोपरे बेकार राहतात. शिवाय इंजिनाकडची गरम हवा कडेनं फिरून पुन्हा पुढे येते. एवढं एक कडं परत बसवल्यानं तापणं थांबलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

इंजिन चालू असताना पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट गेलेलं असण्याची शक्यता मोठी. मग रेडिएटरचा विचार सोडून हेड उघडावं लागेल.

हे सगळं ठीक असूनही गाडी तापत असेल, तर दोष रेडिएटरचा. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर गरम इंजिनावर जाळीचा भाग न् भाग मोजा. मधेच गार पट्टे लागले तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी ओतलेल्या गाडीत हेच होतं. घरच्या गीझरच्या कॉइलवर चढते तीच पांढरी खर नळ्यांत चढते.

आता रेडिएटर कसला घ्यायचा? विल्हेल्म मायबाखनं मर्सिडीजच्या ३५ पीएस गाडीसाठी १९०० च्या सुमाराला मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला, त्यात ६ मिलिमीटरच्या ८,०७० छोट्या नळ्या होत्या. नऊ लिटर पाण्यावर ती गाडी भागत असे. पाणी किती मावतं यापेक्षा हवेला किती पृष्ठभाग भेटतो हे महत्त्वाचं, हा त्यातला धडा आजही तितकाच खरा आहे. पण पृष्ठभाग वाढवण्यालाही हद्द असते. कोअरमध्ये, म्हणजे रेडिएटरच्या जाळीत, नळ्यांच्या दोन ओळींऐवजी तीन घातल्या की फरक पडतो. चौथ्या ओळीपर्यंत पोचलेली हवा आधीच्या तीन ओळींनी तापवलेली असते, आणि एवढ्या जाड जाळीतून हवा ओढायला जुना फॅन अपुरा पडतो. म्हणून या गाडीला तीन ओळी पुरे. पात्यांची जाळी अति दाट घेऊ नका. आपल्या रस्त्यांवर उसाचं पाचट, धूळ, किडे त्यात अडकतात आणि महिन्याभरात ती दाटी नडते.

तांबं-पितळ की ॲल्युमिनिअम, हा वाद जुना आहे. तांबं ॲल्युमिनिअमपेक्षा दीडपटीहून अधिक चांगली उष्णता वाहतं. पण ॲल्युमिनिअम हलकं, त्याच्या नळ्या रुंद करता येतात आणि कामगिरीत तो फरक बराचसा भरून निघतो. अडचण दुरुस्तीची आहे. ॲल्युमिनिअमच्या रेडिएटरची प्लास्टिकची टाकी तडकली की नवा रेडिएटरच घ्यावा लागतो. पितळी टाकी मात्र तालुक्याच्या गावातला कारागीरही डाग देऊन सांधतो. म्हणून मी मूळच्या वरच्या-खालच्या टाक्या ठेवून तीन ओळींचा तांब्याचा नवा कोअर बसवून घेतला असता. सगळी ब्रॅकेटं जागच्या जागी बसतात, होज बदलावे लागत नाहीत, खर्चही कमी येतो. मागाहून एसी बसवलेल्या गाडीत कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असेल, तर त्याच्यासाठी वेगळा इलेक्ट्रिक फॅन घ्याच.

नवा कोअर बसवल्यावर नळाचं पाणी भरू नका. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घ्या. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको, असं अनेकांना वाटतं. आपल्याला ते गंजापासून आणि खरीपासून वाचण्यासाठी हवं असतं. भरताना गाडी गार असू द्या, टोपण उघडं ठेवून इंजिन चालू करा आणि थर्मोस्टॅट उघडून आतली हवा निघून जाईपर्यंत पातळी भरत राहा. तापलेल्या इंजिनाचं टोपण मात्र कधीही उघडू नका, फडकं धरूनही नाही.

शेवटी एक विनंती. काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. ते घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, लहान मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा आणि जळकं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये ते घेतात का, हे विचारून तिथं द्या.