गोरसपाक खुसखुशीत का?

सेलूहून वर्ध्याला कामाला गेलेला माणूस येताना बहुधा गोरस भंडारातला गोरसपाक घेऊन येतो. जमनालाल बजाजांनी जिथे १९४१ साली गोसेवा संघ काढला, त्याच वर्ध्याचा हा खाऊ. विदर्भातल्या उन्हात दूध काही तासांत नासतं. तुपात मात्र पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे जिवाणूंना तिथे थारा नाही. गोरसपाकात हेच तूप पिठाच्या कणांना वेढतं, ग्लुटेनची चिवट जाळी धरू देत नाही. म्हणून तुकडा दाताखाली भुगा होतो.

नाशवंत दूध असं गिऱ्हाइकाच्या पिशवीतून गावोगाव पोहोचवणं, ही माझ्या मते खरी धंद्यातली कल्पकता. जाहिरातीचं काय, ती कुणीही करतो! पुडा फोडलात की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. हवा लागून तूप खवटतं.