नोकरी सांभाळून इंजिनीअरिंगची पदवी: कोणती चालते, कोणती नाही?

तासगावातून रोज किर्लोस्करवाडीला किंवा कुपवाड एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या डिप्लोमाधारकांची अडचण एकच असते. पदवी नसल्याने बढती अडते आणि नोकरी सोडून कॉलेज परवडत नाही. 'घरबसल्या बी.टेक.'च्या जाहिराती नेमक्या अशांनाच गाठतात. फी भरण्याआधी हे वाचा.

घरबसल्या पदवी का चालत नाही?
काही अभिमत विद्यापीठांनी एआयसीटीईच्या मंजुरीशिवाय दूरशिक्षणातून इंजिनीअरिंगच्या पदव्या दिल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी २००१ ते २००५ दरम्यान प्रवेश घेतलेल्यांना परीक्षेची संधी दिली. त्यानंतरच्या प्रवेशांच्या पदव्या रद्द केल्या. बढती मिळालेल्यांनाही त्याचा फटका बसला.

एएमआयईचे काय?
नोकरदारांचा हा जुना मार्ग. मात्र पदवीशी समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच आहे.

मग मार्ग कोणता?
एआयसीटीईने २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेचे वर्ग मंजूर केले. डिप्लोमाधारकाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. किमान एक वर्षाचा अनुभव हवा आणि कामाचे ठिकाण कॉलेजपासून ठरावीक अंतरात हवे. वर्ग संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी भरू शकतात, पण हजेरी आणि प्रयोगशाळा चुकत नाही. तासगाव-सांगली अंतर पंचवीसएक किलोमीटर आहे. त्यामुळे पाळ्यांची नोकरी असेल तर आधी कंपनीशी बोलून घ्या.

पदवी नको, नवे शिकायचे असेल तर?
आयआयटी आणि आयआयएससीच्या 'एनपीटीईएल'वर पंप, रेफ्रिजरेशन, ऑटोमेशन अशा विषयांचे अभ्यासक्रम मोफत आहेत. प्रमाणपत्रासाठी फी भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काम करणाऱ्याला हे ज्ञान लगेच उपयोगी पडते. मात्र हे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे.

पैसे भरण्यापूर्वी काय तपासाल?
• त्या कॉलेजला, त्या वर्षी, त्याच शाखेच्या नोकरदार वर्गासाठी एआयसीटीईची मंजुरी आहे का?
• पदवी कोणते विद्यापीठ देणार?
• ही पदवी बढतीसाठी धरली जाईल, असे कंपनीने किंवा खात्याने लेखी दिले आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एजंट देऊ शकत नाही. ते आस्थापना विभागाकडूनच घ्या.