तर्काच्या खाचाखोचा (भाग ६) : भेंडवळनं सांगतलं तसंच झालं!

अक्षय तृतीया उलटली की अमरावतीच्या राजापेठ चौकात दोन-चार दिवस एकच प्रश्न असतो, ‘भेंडवळनं काय सांगतलं बॉ?’ गावाकडची गाडी धरायला आलेला कास्तकार विचारतो, ऑटोवाला उत्तर देतो आणि चहावाला दोघांनाही खोडतो. सदोष युक्तिवादाचे इतके नमुने एका ठिकाणी क्वचितच सापडतील.

बुलडाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ गाव आहे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी वाघ घराण्यातले वारस तिथल्या शेतात घट मांडतात. गोलाकार अठरा धान्यं ठेवायची, मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं. ही ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यावर पाण्याची घागर, वर पापड, भजी, वडा, करंजी, कुरडई. पान-सुपारी म्हणजे राजा. रात्री तिकडं कुणी फिरकत नाही. पहाटे ढेकळं किती भिजली, दाणे कुठं सरकले हे पाहून भाकीत सांगतात.

आता वाद ऐका. ‘मागच्या साली अवकाळी सांगतला होता, आला का नाही?’ आला ना. पण अवकाळी मुळीच आला नाही असं साल वऱ्हाडात शेवटचं कधी पाहिलं, हे कुणी विचारत नाही. भाकिताची भाषाही लवचीक असते. एक पीक मोघम, दुसरं साधारण, पाऊस कुठं कमी कुठं जास्त. दर्यापूरकडं कपाशी बुडाली आणि अचलपूरकडं साधली, तर भाकीत दोन्हीकडं खरंच! त्यात जुळलेलं पुढच्या आखाजीपर्यंत लक्षात राहतं आणि न जुळलेलं पोळ्याच्या आतच विसरतं. या मोजणीत भेंडवळ नापास व्हायला जागाच नाही.

‘शेकडो वर्षांपासून चालू आहे, उगाच का?’ रोग्याचं रक्त काढून ताप उतरवणंही शतकानुशतकं चाललं होतं.

हुकमाचा पत्ता मात्र वेगळाच असतो : ‘तुमच्या हवामान खात्याचं तरी कुठं जुळते?’ समजा, नाही जुळलं. त्यानं ढेकळं कशी खरी ठरली? दोन गडी एकाच पेपरात नापास होऊ शकतात. शिवाय ‘यंदा पाऊस सामान्य’ हे खात्याचं मोसमी अनुमान साऱ्या देशाचं असतं. जून ते सप्टेंबरची देशाची दीर्घकालीन सरासरी सुमारे ८७ सेंटीमीटर, आणि तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे सामान्य. देशाची सरासरी भरली म्हणून आपलं वावर भिजेलच असं नाही. साऱ्याचं ते प्रत्येकाचं, असं गृहीत धरण्याची ही चूक बातमी देणारेही करतात. आकड्याचा एक फायदा मात्र आहे, तो चुकला की पकडता येतो. ‘मोघम’ला कुठं पकडणार?

एवढ्यात कॉलेजातला एखादा पोरगा म्हणतो, ‘अडाण्यांचा बाजार आहे सारा.’ मला हा त्याच पंक्तीतला वाटतो. त्याला उत्तर मिळतं, ‘तू कधी डवरा धरला का?’ दोघंही माणसांवर बोलले, ढेकळांवर कुणीच बोललं नाही. आणि बाजू मांडणाऱ्याचा तर्क लंगडा म्हणून त्याची गोष्ट आपोआप खोटी ठरते, असंही नाही. ती तपासावी लागते.

तपासायला वही पुरते. भाकिताच्या दिवशीच महिना, पीक आणि तालुका लिहून ठेवायचा. ‘साधारण’ म्हणजे किती, तेही तेव्हाच ठरवायचं, दिवाळीत नव्हे. शेजारी तालुक्याच्या पर्जन्यमापकाचा आकडा. तिसऱ्या रकान्यात दरसाल डोळे मिटून ‘नेहमीसारखाच पडेल’ एवढंच लिहायचं. तो रकाना लोक विसरतात. पाच-सात सालांत त्याच्यापेक्षा भेंडवळचं जास्त वेळा जुळलं, तर ऑटोवाल्याचं म्हणणं नीट ऐकावं लागेल.

पुढच्या आठवड्यात : ‘साऱ्या गावानं तेच बियाणं घेतलं, मग?’