निरोपाची सावड



ज्याच्या दावणीला एकच बैल, तो शेजाऱ्याशी सावड करतो. आज तुमचे रान, उद्या माझे. मोबाईल फोनलाही हीच सावड शिकवण्याची खटपट शास्त्रज्ञ करीत आहेत, हे ऐकून नवल वाटेल. पण गोष्ट खरी आहे.

आपल्या अकोले तालुक्यात डोंगर आडवा आला की रेंज जाते. अशा जागी ‘उशीर सोसणारे जाळे’ कामी येते. फोन निरोप जपून ठेवतो व वाटेत दुसरा फोन जवळ आला की त्याच्या हवाली करतो. असा हातोहात तो रेंज असलेल्या गावी पोहोचतो. कर्नाटकात 2003 च्या सुमारास ‘डाकनेट’ने हेच केले. बसवर यंत्र बसवून खेडी व तालुका यांच्यामध्ये संगणकाचे निरोप नेले.

पण बस रोज फिरणारच. फोन मात्र ज्याचा त्याचा. परक्याचा निरोप वाहिला की आपली बॅटरी खर्ची पडते. मग जो तो म्हणतो, ‘माझा निरोप तुम्ही न्या, तुमचा मी का नेऊ?’ सर्वांनीच असे म्हटले तर कोणाचाच निरोप पोहोचत नाही.

यावर तीन उपाय सुचवले जातात. एक, निरोप नेणाऱ्याच्या खाती मोबदला जमा करावा. दोन, निरोप टाकून देणाऱ्याचे नाव सर्वांना कळावे. तिसरा उपाय सावडीचा : जेवढे तुम्ही माझे न्याल, तेवढे मी तुमचे नेईन. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी 2008 मध्ये हा तिसरा उपाय मांडला आणि त्याला दोन पथ्ये जोडली.

पहिले पथ्य, सुरुवातीला थोडे उधारीवर करावे. दोघेही ‘आधी तू’ म्हणत बसले तर औत जुंपलेच जाणार नाही. दुसरे, आपल्याकडून चूक झाली व समोरच्याने हात आखडला, तर ते निमूट सोसावे. बैल लंगडला म्हणून आपला एक दिवस चुकला आणि शेजारीही एक दिवस आला नाही, तर फिट्टंफाट समजावी. उलट राग धरला की सावड कायमची मोडते.

असे फोन हाती येईपर्यंत वाडीने थांबण्याचे कारण नाही. दूध घालायला, बाजाराला रोज कोणी ना कोणी खाली उतरतोच. पुढील गोष्टी वाडीच्या बैठकीत ठरवाव्यात :

1. निरोप चिठ्ठीवर लिहावा. तारीख व वेळ घालावी.
2. महत्त्वाचा निरोप दोन वेगवेगळ्या माणसांच्या हाती द्यावा.
3. पोहोचल्याची पोच उलट आणावी.
4. निरोप नेण्याच्या पाळ्या लावाव्यात. ज्याची पाळी चुकली त्याने पुढे भरून द्यावी.

सर्पदंश किंवा अडलेली बाळंतीण असेल तर मात्र चिठ्ठी लिहीत बसू नये, ताबडतोब वाहन काढावे. परंतु जनावराच्या डॉक्टरला बोलावणे, बियाण्याची मागणी, पिकावरील किडीची खबर, ही कामे सावडीने खात्रीने होतील. दुसऱ्याचा निरोप वाहणे म्हणजे उपकार नव्हे. आपलाच निरोप पोहोचावा म्हणून केलेली ती पेरणी आहे.