बहुवारिकाधारित ऑक्सिडीकारके

कार्बनी संश्लेषणात विक्रिया घडवून आणणे हे पुष्कळदा निम्मेच कार्य असते. निष्पन्न पदार्थ मिश्रणातून शुद्ध स्वरूपात वेगळा करणे हे उरलेले निम्मे होय. अल्कोहॉलांच्या ऑक्सिडीकरणात ही अडचण विशेष जाणवते. षट्‌संयुजी क्रोमियमाची संयुगे वापरली असता विक्रियेअखेर काळसर, चिकट अवशेष राहतो व त्यात निष्पन्न पदार्थ अडकून पडतो. शिवाय षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगजनक आहे.

विक्रियाकारकच अविद्राव्य बहुवारिकाशी बांधून ठेवला, तर केवळ गाळण्याने तो वेगळा करता येतो. मेरीफील्ड यांनी १९६३ साली पेप्टाइड संश्लेषणासाठी पॉलिस्टायरिनाच्या मण्यांचा असाच आधार घेतला आणि या विचारास मोठी चालना मिळाली. कायनेल्ली व त्यांचे सहकारी यांनी १९७६ साली चतुर्थक अमोनियम गट असलेल्या आयन-विनिमयी रेझिनावर क्रोमेट आयन बसवून अल्कोहॉलांपासून आल्डिहाइडे व कीटोने मिळविली. पुढे १९७८ मध्ये फ्रेशे व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिव्हिनिल पिरिडिनियम क्लोरोक्रोमेट तयार केले.

या पद्धतीस काही मर्यादा आहेत. अल्प प्रमाणात डायव्हिनिल बेंझिनाने जोडलेल्या पॉलिस्टायरिनात बहुतेक क्रियाशील स्थाने मण्याच्या अंतर्भागी असतात. टोल्यूइन किंवा डायक्लोरोमिथेन यांत मणी फुगतो व रेणूंना आत वाट मिळते. मिथेनॉलात तो आक्रसलेलाच राहतो. म्हणून विद्रावकाची निवड करताना आधारद्रव्याचाही विचार करावा लागतो. दुसरी मर्यादा धारणक्षमतेची. समजा, १ ग्रॅम रेझिनावर ३ मिलिमोल क्रोमेट आहे व ते अल्कोहॉलाच्या तिप्पट घ्यावे लागते. तर १०० मिलिमोल अल्कोहॉलासाठी १०० ग्रॅम रेझीन लागेल.

तथापि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. आधारामुळे पृथक्करण सुलभ होते, परंतु क्रोमियम नाहीसे होत नाही. ते वापरलेल्या मण्यांत शिल्लक राहते, आणि रेझिनाचे पुनर्जनन करताना धुवणाच्या पाण्यात उतरते. म्हणजे त्याज्य द्रव्याचे केवळ स्थलांतर होते. विक्रियाकारक सममूल्य प्रमाणात खर्च होतो, तोवर ही अडचण सुटणे शक्य नाही.

तिचे उत्तर उत्प्रेरणात सापडते. ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७-९८ च्या सुमारास अशाच चतुर्थक अमोनियम रेझिनावर पररुथेनेट आयन बसविले आणि सह-ऑक्सिडीकारक म्हणून ऑक्सिजन वायू वापरून प्राथमिक अल्कोहॉलांचे आल्डिहाइडांत रूपांतर केले. येथे उपपदार्थ म्हणून पाणीच निर्माण होते. मात्र अशा उत्प्रेरकांच्या बाबतीत, गाळलेल्या द्रवात धातू उतरतो काय व पुनर्वापरात क्रियाशीलता टिकते काय, हे प्रत्येक वेळी तपासणे अगत्याचे असते.

सारांश, बहुवारिकाधारित ऑक्सिडीकारकाचे मूल्यमापन केवळ निष्पत्तीच्या टक्केवारीवरून करणे पुरेसे नाही. गाळणीवर मागे राहिलेल्या मण्यांचे पुढे काय होते, याचाही हिशेब त्यात धरला पाहिजे.