कुऱ्हाडीचा दांडा घरीच बसवा



‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण भाऊबंदकीत वापरतो. पण घाव घालताना ढिल्या दांड्यावरून पाते उडाले, तर समोर मोळी बांधणाऱ्या घरच्याच माणसाला ते लागते. तेव्हा दांडा नीट कसा बसवायचा ते पाहू.

दांडा हलू लागला की बरेच जण कुऱ्हाड रात्रभर हौदात बुडवून ठेवतात. सकाळी दांडा घट्ट होतो, हे खरे. पण भिजलेले लाकूड फुगते आणि लोखंडाचे नेढे काही फुगत नाही. त्यामुळे आतल्या आत लाकूड चेपले जाते आणि वाळल्यावर पहिल्यापेक्षाही बारीक होते. म्हणजे इलाजानेच दुखणे वाढते!

मूळ दोष असतो ओल्या लाकडाचा. लाकूड वाळताना लांबीत फारसे कमी होत नाही, जाडीत मात्र आकसते. आज ओल्या लाकडाचा घट्ट बसवलेला दांडा उन्हाळ्यात खुळखुळणारच.

दांड्याला धावडा उत्तम, तिवसही चांगला. बांधावरची बाभूळसुद्धा चालते. झाड तोडायचे असेल तर आधी परवानगीची चौकशी करावी. मनगटाएवढी फांदी तशीच गोल वापरू नका. तिच्या मधोमध गर राहतो आणि ती हमखास तडकते. मांडीएवढा जाड, सरळ, बिनगाठीचा ओंडका घेऊन पाचरीने उभा फोडावा. पाचर लाकडाच्या रेषेने जाते, करवत रेषा तोडते. मधला गर काढून टाकावा. फोडींच्या दोन्ही टोकांना शेण लिंपून त्या सावलीत, हवेशीर जागी रचाव्यात. टोके लवकर वाळतात म्हणून तिथेच भेगा पडतात, शेणाने ते टळते. दिवाळीनंतर ठेवलेल्या फोडी साधारण मृगापर्यंत तयार होतात. लाकूड वाळले की नाही, हे अंदाजाने ठरवू नका. दर पंधरा दिवसांनी एक फोड तराजूत घाला. वजन उतरायचे थांबले की लाकूड वाळले.

मग वाकसाने ताशीत जावे आणि शेवटी कानस फिरवावी. नेढ्यात जाणारे टोक किंचित निमुळते ठेवा. त्यात नेढ्याच्या लांब बाजूने करवतीची खाच घ्या. खाच नेढ्याच्या खोलीच्या दोन तृतीयांश असावी. टोक नेढ्यात घालून दांडा उभा धरा, पाते खाली अधांतरी राहू द्या आणि दांड्याच्या वरच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोका. जड पाते जागीच राहते, दांडा आत उतरत जातो. मग खाचेत वाळलेल्या कठीण लाकडाची पाचर ठोकावी. खिळा मारू नये, त्याने लाकूड चिरते.

टिकावाची गोष्ट निराळी. त्याचे नेढे एका बाजूने रुंद असते. दांड्याचे डोके जाड ठेवून त्या बाजूने ओवला की पुरे, पाचर लागत नाही.

दांड्याला जवसाच्या तेलाचे दोन हात द्यावेत. गोडेतेल वाळत नाही, मूठ चिकट राहते. मात्र जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून कडब्याजवळ टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. मोकळ्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.