बुद्धिबळाची शिकवणी

बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरे असतात. प्रत्येकाचे १६ मोहरे असतात. माझा दादा कॉलेजात जातो. एस.टी.च्या पासाचे पैसे तो मुलांना बुद्धिबळ शिकवून मिळवतो. आधी नुसती प्यादी मांडतो. मग हत्ती, उंट, घोडा एकेक वाढवतो. घोडा अडीच घरे जातो, ते पोरांना लवकर कळतच नाही. शेवटी मात शिकवतो.

लोक म्हणतात, "खेळाचे कसले पैसे?" पण नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला. तिलाही कोणीतरी शिकवलेच ना!

एका मुलाकडे पैसे नव्हते. तो दारातच उभा होता. दादाने त्यालाही बसवले. परवा त्याने दादालाच मात केली! दादा खूश झाला.

शिकवणे हे पण कामच आहे. त्याचे पैसे घ्यावेत, पण कुणाला दारातून परत पाठवू नये.

— इयत्ता चौथी